मोहरीएवढा तारा

बावीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र चित्रकाराचं होतं, जेमतेम चार ओळींचं. त्यातल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता आलं असतं, आणि तो शब्द मास्तरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

तेव्हा ते शाळा सोडून, शाळांसाठी तक्ते छापणाऱ्या एका छापखान्यात लागले होते. पुस्तकांतून माहिती काढायची, यादी करायची आणि ती चित्रकाराच्या हाती द्यायची. बुजऱ्या माणसाला अगदी मानवणारं काम. चित्रकार मात्र बोलघेवडा. "मास्तर, तुम्ही यादीत लिहिलंत तर चंद्रसुद्धा चौकोनी काढीन," म्हणायचा.

तक्ता होता ग्रह आणि तारे यांच्या आकारांचा. हातभर रुंद, तीन हात लांब पुठ्ठा काळा रंगवून त्यावर सगळे एकाच मापाने मांडायचे होते. पृथ्वी मोहरीएवढी, गुरू टपोऱ्या हरभऱ्याएवढा, सूर्य सोललेल्या नारळाएवढा. एक राक्षसी तारा तर कशातच मावेना. त्याची नुसती कड उजव्या काठाला काढली, तीही एवढ्या मोठ्या गोलाची की बघणाऱ्याला सरळ रेघच वाटावी. यादीच्या शेवटी मास्तरांनी लिहिलं होतं: व्याध ताऱ्याचा जोडीदार; तोही तारा; पृथ्वीपेक्षा किंचित लहान.

चित्रकाराने पृथ्वीशेजारी पांढरा ठिपका टेकवला. "हा तारा म्हणायचा की ताऱ्याचं पिल्लू?"

"पिल्लू कसलं, म्हातारा आहे तो," मास्तर म्हणाले. "इंधन संपलं आणि आकसला. वजन मात्र अजून सूर्याएवढं."

"म्हणजे आमच्या सासऱ्यांसारखा," चित्रकार म्हणाला, आणि दोघंही हसले.

तक्ता पसंतीसाठी मोठ्या टेबलावर ठेवला, तेव्हा मुख्य संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला. सगळे त्यांना साहेब म्हणत. ठिपक्यावर पेन्सिल टेकवून ते म्हणाले, "पृथ्वीहून लहान तारा? शाळेतली पोरं आपल्याला वेड्यात काढतील. ही अक्कल कुणाची?"

मास्तरांना कुणी स्वतःचं नाव विचारलं तरी ते एकदा मनात तपासून पाहत. हा तर आकड्यांचा मामला होता. आपण मैल वाचले की किलोमीटर? एखादं शून्य तर सुटलं नाही? ते शून्य शोधत राहिले, आणि तेवढ्यात साहेब चित्रकाराकडे वळले. "ब्रश हातात आहे म्हणून वाटेल तिथे ठिपके टाकत सुटायचं का?"

चित्रकाराने मास्तरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काळा रंग घेतला आणि सगळ्यांदेखत तो ठिपका बुजवून टाकला.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी ग्रंथालयात तीन पुस्तकं उघडून पाहिली. आकडा बरोबर होता. साहेबांच्या दारापर्यंत ते दोनदा गेले आणि दोनदा परत आले. तोवर चित्रकार मनाने काहीही काढतो अशी कुजबुज होऊन पुढचे तक्ते दुसऱ्याकडे गेले होते. पंधरवड्याने पत्र आलं.

"मास्तर, राग नाही. एवढंच कळवा, तो ठिपका तुमच्या यादीत होता, की मी माझ्या मनाने काढला? यादी मी तुम्हाला परत केली होती. आता माझं मलाच खात्रीने सांगता येत नाही. ब्रश उचलला की तेच डोक्यात येतं."

मास्तर लगेच उत्तर लिहायला बसले होते. पण नुसतं 'होय' कसं लिहायचं? आधी क्षमा मागायला हवी, मग गप्प का बसलो ते सांगायला हवं. महिना उलटल्यावर उशिराबद्दलही क्षमा मागणं आलं. वर्षानंतर पत्र कुठून सुरू करावं हेच कळेना. मध्यंतरी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडून कानावर आलं, की चित्रकार हल्ली रेघ ओढण्याआधी तीन-तीनदा विचारतो, "तुम्हीच सांगितलंत ना?" गिऱ्हाइकं कंटाळली. शेवटी त्याने रंगकाम सोडलं आणि जावयाच्या कागदाच्या दुकानात बसू लागला. ते ऐकून मास्तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. लिहिलं मात्र नाही.

आता छापखाना बंद झाला होता. जुने पुठ्ठे रद्दीत घालण्यापेक्षा ज्याचे त्याला द्यावेत असं कुणाच्या तरी मनात आलं आणि तक्ता मास्तरांच्या घरी येऊन पडला. त्यांच्याजवळ राहणाऱ्या थोरल्या बहिणीने तो कोरड्या फडक्याने पुसायला घेतला.

"अरे, इथला रंग सुटतोय," ती म्हणाली. "खाली पांढरं काहीतरी आहे. पुसू की राहू दे?"

"राहू दे, ताई," मास्तर म्हणाले, आणि बसल्या जागी त्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगताना ते तक्त्याकडे बघत होते. ताईकडे बघायचा धीर झाला नाही.

ताईने फडकं घडी करून ठेवलं. "म्हणजे त्याने एक शब्द मागितला आणि तू बावीस वर्षं निबंध लिहितोयस."

"तसंच काहीसं."

"यादी कुठे आहे?"

"त्याच्या पत्रातच घालून ठेवली आहे."

"फाडली नाहीस?"

"नाही. फाडायचाही धीर झाला नाही."

"लिही मग. मी बसते इथे."

मास्तरांनी दुपारभर खपून चार पानं लिहिली. तारे कसे फुगतात, मग कसे आकसतात, सगळं आलं. ताईने पहिलं पान वाचलं आणि बाकीची न वाचताच परत दिली. "त्याला ताऱ्याची काळजी नव्हती रे. स्वतःच्या डोक्याची होती."

मग मास्तरांनी नवा कागद घेतला.

"होय. ठिपका माझ्या यादीत होता आणि बरोबर होता. तुम्ही मनाने काही काढलं नाही. हे मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. बोललो नाही, ही चूक माझी. मूळ यादी सोबत पाठवतो आहे."

यादी पाकिटात घालताना त्यांचा हात अडला. "ताई, एक नक्कल करून ठेवू का? पुढेमागे मलाच शंका आली तर?"

"येऊ दे. आता तुझी पाळी."

नक्कल न करताच त्यांनी पाकीट चिकटवलं. वर पत्ता घातला तो जुळाऱ्याने कधीतरी सांगितलेला, जावयाच्या दुकानाचा; तोही आता जुना.

"तो तिथे नसला तर?" चपला घालताना त्यांनी विचारलं.

"तर पत्र परत येईल. मग शोधायचं. आधी टाक तर."

पेटी गल्लीच्या टोकाला होती. तिथे उभं राहून मास्तरांनी पत्ता दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचायला पाकीट डोळ्यांपर्यंत नेलं, आणि न वाचताच आत टाकलं.