मळक्या पडद्याची अब्रू

मित्रांनो, मी एक जुना आणि मळका पडदा आहे. जुना हे थोडं लाजत सांगतो, मळका हे मात्र छाती फुगवून. जपानमधल्या मात्सुए या निवांत शहरात, तळ्याजवळच्या गल्लीत, त्सुयाकोबाईंच्या खानावळीच्या दारावर मी लोंबतो. आमच्याकडे माझ्या जातीला नोरेन म्हणतात. संध्याकाळी पाचला मला दाराबाहेर अडकवलं की खानावळ उघडली, आत घेतलं की बंद. त्याला दुसरी पाटी लागत नाही.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात झाला. कोरा होतो तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. आमच्याकडची जुनी रीत अशी, की पोटभर जेवलेला माणूस जाता जाता बोटं दारावरच्या पडद्याला पुसतो. म्हणून ज्याचा पडदा मळका, त्याचं जेवण चांगलं. बाकी शहराने ही रीत कधीच सोडली, पण आमच्या म्हाताऱ्यांनी ती हट्टाने पाळली. बाईंच्या रश्शात मुरलेला मुळा नि अंडी खाऊन ते बावीस वर्षं मला बोटं पुसत होते. डाव्या कोपऱ्यात न्हावी कादोवाकींचा डाग. मधला डाग निवृत्त पोस्टमन फुकुमांचा. तो दरवर्षी थोडा खाली सरकायचा, कारण ते वाकत चालले होते.

गेल्या शरदात बाईंची मनगटं दुखू लागली. ओसाकाहून मुलगा आणि सून सातोमी घरी राहायला आले. बाईंनी सुनेला बजावलं, "पंधरा दिवस बघते. गिऱ्हाईक टिकलं तर दुकान तुझं. नाहीतर पडदा उतरवते, कायमचा."

म्हणजे मी कायमचा पेटीत!

सातोमी कष्टाळू, पण नको तिथे. पहिल्याच दुपारी बाई डॉक्टरकडे गेल्या आणि तिने मला गरम पाण्यात बुडवून तीन वेळा घासलं. परत आलेल्या बाईंनी मला पाहिलं आणि भिंत धरली.

"अगं, हे काय केलंस?"

"आई, डाग पडले होते म्हणून..."

"डाग? ती आपली अब्रू होती! बावीस वर्षांची अब्रू मोरीत सोडलीस!"

पाच वाजले. मी मागच्या सज्जात पाणी गाळत होतो आणि बाई केस वाळवायच्या यंत्राने मला वाळवत होत्या. खाली सातोमी मोहरी वाटत होती. मोहरी भलतीच झणझणीत निघाली आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

तेवढ्यात फुकुमा आणि कादोवाकी आले. हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. दारावर पडदा नाही! बावीस वर्षांत असं एकदाच झालं होतं, बाईंचे यजमान वारले तेव्हा. त्यांनी खिडकीतून डोकावलं. आत एक अनोळखी बाई, काळा एप्रन घालून ढसाढसा रडतेय.

कादोवाकींनी टोपी काढली. "सून आलीय वाटतं. संपलं सगळं."

साडेसहाला मला काठीवर घेऊन बाईंनी दार उघडलं, तर समोर काळे टाय लावलेले पाच म्हातारे, हातात पांढरी शेवंती आणि उदबत्त्या.

"अगं बाई! कोण गेलं?"

पाचांनीही शेवंती पाठीमागे दडवली. शेवटी फुकुमा पुटपुटले, "तुम्ही."

"मी? मी वर पडदा वाळवत होते!"

"तरी मी म्हणत होतो, आधी चौकशी करू," कादोवाकी म्हणाले.

"तू? शेवंती घेताना दुकानातच हंबरडा फोडलास की!" फुकुमा उसळले.

सातोमी पुढे आली आणि कंबरेत वाकली. "चूक माझी आहे. पडदा मी धुतला."

पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं. एक डाग शिल्लक नव्हता. आता हे पाय मागे फिरणार आणि मी पेटीत जाणार, असं वाटून अजून ओलसर असूनही माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"आत या," बाई ओरडल्या. "रडायचंच असेल तर जेवून रडा!"

आणि ते खरोखर रडले. सातोमीच्या मोहरीने पाचांच्याही नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. मुळा मात्र दोनदा मागून घेतला. शेवंती साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, रिकाम्या बाटलीत जाऊन बसली.

निघताना फुकुमा माझ्यासमोर थांबले. बोटं निरखली आणि परत आत गेले.

"सूनबाई, अजून एक मुळा द्या. बोटं कोरडी आहेत."

तो मुळा त्यांनी हाताने खाल्ला आणि बोटं माझ्या मधोमध पुसली, नेहमीच्या उंचीवर. मग एकेक करून बाकीच्यांनीही पुसली. मित्रांनो, मला भरून आलं.

सगळे गेल्यावर सातोमी मला काढायला आली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मोहरीचं एक बोट माझ्या खालच्या कडेला हळूच टेकवलं.

"तिथे कशाला?" मागून बाई म्हणाल्या. "वर पूस, दिसेल असं. आणि उद्या पाचला पडदा तूच लाव. पंधरा दिवस कशाला हवेत?"

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण साबण हातात घेण्याआधी डाग कुणाचा आहे, तेवढं विचारा.