नाव तेच, पत्ता तोच

“मॅडम, नाम वही, पती वही, पता वही. आप ही तो हैं!”

“आणि जन्मतारीख?” हेमलताबाईंनी विचारलं, मग भानावर येऊन हिंदीत विचारलं.

“वो तो टायपिंग में हो जाता है,” फरीदाबादच्या बँकेतले अधिकारी उदारपणे म्हणाले.

बाईंना शिवणाच्या दुकानासाठी कर्ज हवं होतं. पण क्रेडिट रिपोर्टमध्ये त्यांच्या नावावर आधीच एक कर्ज थकलेलं होतं, तेही त्यांच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीचं.

ते पहिल्या हेमलतेचं होतं. सूर्यकांतरावांची ती बायको आजारपणात गेली. दुसरी आली, तेव्हा त्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं पुन्हा तेच नाव लिहिलं. केंद्र सरकारच्या नोकरीतला माणूस. “रेशनकार्ड बदलायला नको,” असं त्यांनी नातेवाइकांना सांगितलं, आणि नातेवाइकांना ते पटलं. नवरीला विचारायची पद्धत नव्हती.

“भरून टाकू ना यार,” संध्याकाळी सूर्यकांतराव म्हणाले. “निवृत्त झालोय, भिकेला नाही लागलो.”

“अहो, भरलं की ते माझंच ठरेल.”

“ठरू दे की. औषधांसाठी काढलं होतं तिनं. गेलेल्या माणसाच्या नावानं कशाला ओरडा?”

“तिच्या नावानं कुठे? माझ्या नावानं चाललाय.”

सूर्यकांतरावांनी उठून कपाटातून पहिलीचा मृत्यूचा दाखला काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेला. तो घरात आहे हे बाईंना आजच कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेली. चुकीची नोंद दुरुस्त करून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे, असं भिंतीवरच्या पोस्टरातली गोरीपान बाई हसत सांगत होती. अधिकाऱ्यांनी दाखल्यावरचं नाव वाचलं, समोरच्या बाईंकडे पाहिलं, पुन्हा दाखल्याकडे पाहिलं. मग आपोआप खुर्चीत ताठ बसले.

“सॉरी, मॅडम. दोनों को अलग करना पडेगा. आपका शादी से पहले का नाम?”

बाईंनी ते आधी मनात म्हणून पाहिलं.

“रेवती.”

सूर्यकांतरावांनी मागे वळून पाहिलं, रांगेत ही रेवती कोण आलीय ते.