दोन ठोके

"मावशी आली का?" सिद्रामनं स्टेजवरूनच विचारलं.

"न्हाय की! चिंचोळीच्या कंपनीची गाडी कुटं अडकली काय म्हाईत," प्रतिक्षा खालून ओरडली. "तू कर सुरू. लोकं चुळबुळ करायलेत."

सिद्रामनं पुढच्या रांगेकडं पाहिलं. आजचा सगळा खटाटोप त्या एका बाईसाठी होता, आणि तिचीच खुर्ची रिकामी!

अकरा वर्षं सिद्राम कीबोर्डवर आणि प्रतिक्षाचा भाऊ प्रदीप ऑक्टोपॅडवर, म्हणजे विजेवरच्या ड्रमवर. दोघांनी एकच रेकॉर्डिंग केलं, तेही असं की एक ठोका इकडचा तिकडं नाही. सिद्रामला त्याचा कोण अभिमान! प्रदीप मात्र हसायचा. कार्यक्रमात त्याची एक खोड होती. कंपनीतून सुटून आलेली आई, म्हणजे हीच मावशी, मीनाबाई, दारात दिसली की गाणं कुठंही असो, हा मधेच दोन हलके ठोके द्यायचा. टक-टक.

"ताल बिघडवतोस लेका!" सिद्राम दरवेळी खेकसायचा.

"बिघडू दे की. आई आली."

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि प्रदीप गेला. सिद्रामनं ते रेकॉर्डिंग मीनाबाईंना नेऊन ऐकवलं. त्यांनी एकदाच ऐकलं.

"लई चांगलं हाय बाबा," त्या म्हणाल्या. "पन ह्यो मला बगत न्हाय."

ते वाक्य सिद्रामच्या काळजात रुतलं. मग वर्षश्राद्धाच्या ह्या कार्यक्रमासाठी त्यानं गुपचूप एक लबाडी केली. मोबाईलवरच्या जुन्या चित्रणातले ते दोन ठोके उचलले आणि रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या मिनिटाला बसवले. तोवर मावशी खुर्चीत आलेली असेल, असा त्याचा हिशेब.

रेकॉर्डिंग सुरू झालं. सिद्राम सोबत कीबोर्ड वाजवू लागला. शेजारी प्रदीपचा ऑक्टोपॅड, वर झेंडूचा हार. तिसरं मिनिट आलं. टक-टक. समोर रिकामी खुर्ची. झक मारली आणि हा उद्योग केला, असं त्याला झालं.

गाणं संपत आलं होतं. दारात मीनाबाई दिसल्या, हातात डब्याची पिशवी.

टक-टक.

हलके, तालाबाहेर. सिद्रामची बोटं पट्ट्यांवरून उचलली गेली. ऑक्टोपॅडची वायर सकाळी त्यानंच काढून गुंडाळून ठेवली होती, ती तशीच खाली पडली होती. मीनाबाईंनी नेहमीसारखा हात वर केला आणि त्या खुर्चीत टेकल्या.

लोक पांगल्यावर त्यानं कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. ठोके एकाच जागी होते, तिसऱ्या मिनिटाला.

मीनाबाई स्टेजवर आल्या. "उशीर झाला रे. तरी थांबला की त्यो माज्यासाटी."

आपली लबाडी सांगून टाकावी असं सिद्रामच्या ओठांवर आलं होतं.

"व्हय मावशी," तो म्हणाला. "ताल बिघडवला लेकानं."

मीनाबाईंनी पॅडवरचा हार उचलला आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवला.

"हात अडतो त्याचा," त्या म्हणाल्या.