कडूबाईचं नवं नाव

कल्पना करा, तुम्ही चौथीच्या वर्गात बसला आहात. साल १९७३, जानेवारी महिना. आपल्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. पावसानं दगा दिलेला, गावोगावची माणसं कामाच्या शोधात शहरात आलेली, आणि शहर मात्र वाढतंच चाललेलं. तुमच्या बाकावरून खिडकीबाहेर नव्या वसाहतींच्या अर्ध्या भिंती दिसतात. गुरुजींनी काल सांगितलंय, घरी विचारून या, आपल्या नावाचा अर्थ काय. एकेक जण उभा राहून सांगतोय. तुमच्या आधी चार जण उरलेत. आता तीन. आणि तुमचं नाव आहे कडूबाई.

तुम्ही काय सांगाल, ते जरा ठरवा आणि मग पुढे वाचा.

श्रीनिवास फडणीस गुरुजींना नावांचा फार नाद होता. आडनावं कुठून आली, कोणतं गावावरून, कोणतं हुद्द्यावरून, यांच्या वह्याच्या वह्या त्यांनी भरल्या होत्या. "माझंच बघा," ते म्हणायचे. "फर्द म्हणजे यादी, नवीस म्हणजे लिहिणारा. फारसी शब्द आहेत. फर्दनवीसचा झाला फडणीस. आमचे पूर्वज याद्या लिहायचे आणि मी रोज सकाळी तुमची हजेरी लिहितो. म्हणजे धंदा काही सुटला नाही!" मुलं हसायची. गुरुजी चांगले होते, हे आधीच सांगतो. त्यांनी कधी कुणावर हात उचलला नाही.

भानुमती म्हणाली, "सूर्यासारखी तेजस्वी." गुलमंडीत कापडाचं दुकान असलेल्या घरातला हिमांशू म्हणाला, "चंद्र. थंड किरणांचा." मग कडूबाई उभी राहिली.

"कडूबाई साहेबराव साळवे."

"अर्थ?"

मागून कुणीतरी म्हणालं, "कारलं!" आणि सगळा वर्ग खिदळला. हिमांशूनं तर जीभ बाहेर काढून थू थू केलं.

गुरुजींनी डस्टर टेबलावर आपटलं. "हसू नका. लाज वाटायला हवी, पण हिला नव्हे. खेड्यांत वरच्या जातींची माणसं या लोकांना चांगलं नाव ठेवू देत नसत. कचऱ्या, धोंड्या, कडू अशीच नावं त्यांच्यावर लादली. हे नाव हिचं नाहीच. ही गुलामीची खूण आहे."

गुरुजी म्हणाले ते खोटं नव्हतं. पुष्कळ गावांत तसं घडलेलं होतं. पण या एका नावाबद्दल त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं.

"बाळ, आपण तुला नवं नाव देऊ," ते म्हणाले. त्यांनी खिडकीबाहेरच्या कोरड्या ठक्क आभाळाकडे पाहिलं. "मेघा. आवडलं?"

खोटं कशाला सांगू, तिला फार आवडलं. मधल्या सुट्टीत भानुमतीनं तिला पहिल्यांदा जवळ बसवलं. "ए मेघा, सरक ना!" एवढंच म्हणाली, पण कडूबाईला ते ऐकत राहावंसं वाटलं.

उस्मानपुऱ्याच्या मागं पत्र्यांची वस्ती होती, तिथं कडूबाईचं कुटुंब राहत होतं. साळवे सोयगावकडचे. बाप साहेबराव नव्या घरांच्या बांधकामावर विटा वाहायचा. आई आशाबाईचा निम्मा दिवस टँकरच्या रांगेत जायचा. त्या संध्याकाळी कडूबाई धावतच रांगेत पोचली.

"माय, मला नवं नाव मिळालं! मेघा!"

आशाबाईनं घागर पुढं सरकवली. "कुणी दिलं?"

"गुरुजींनी."

शेजारची चतुराबाई खदखदून हसली. "घ्या! पाण्याचा पत्ता नाय आन पोरगी मेघा! आशाबाई, आता टँकर कशाला, हिलाच पिळ की घागरीत."

आशाबाई हसली नाही. "माझ्यासाठी तू कडूच," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर साहेबरावला कळलं. तो मात्र इतका खूश झाला की जेवता जेवता उठून उभा राहिला. "लई चांगलं झालं. उद्याच येतो साळंत, सही करतो."

"नाय करायची," आशाबाई म्हणाली.

"का नाय? नऊ वर्सं लोकांचं ऐकतोय मी. साहेबराव, दीक्षा घेतलीस, बौद्ध झालास, जुनं सगळं सोडलंस, आन पोरीचं नाव कडू? चारचौघांत मान खाली घालतो मी."

"मान खालीच जाती ना? जाऊ द्या. पोर तर हाय."

कडूबाईला राग आला. सकाळपासूनचं सगळं सुख ही बाई हिसकून घेत होती. ती ओरडली, "गुरुजी म्हणाले, ते नाव लोकांनी लादलेलंय! तुला कळत नव्हतं म्हणून तू घेतलं!"

आशाबाईचा हात उठला आणि तसाच खाली आला. साहेबराव भिंतीकडं बघत हळू म्हणाला, "सांग तिला. मोठी झाली आता."

मग आशाबाईनं सांगितलं. भाकरी थापता थापता, पोरीकडं न बघता.

"तुझ्या आधी दोघी झाल्या. पहिलीचं नाव तुझ्या बानं मुक्ता ठेवलं. नवा धरम, नवं नाव. सहा महिन्यांची गेली. दुसरीचं सुमेधा. नाव घ्यायला माझी जीभ वळंना, तरी शिकले. ती चालाया लागली आन गेली. दोन्ही नावं लई गोड. मग तू झालीस. म्हणलं, आता नाव मी ठेवणार. शेजारणीला तुला देऊन टाकली, आन सूपभर कोंडा देऊन परत इकत घेतली. म्हणजे तू माझी नव्हंच, कोंड्याची. आन नाव ठेवलं कडू. म्हणलं, मरणानं चाखलं तरी थुकून टाकावं."

भाकरी करपली तेव्हा तिनं उलटली.

बालमित्रांनो, नावानं मरण टळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. साहेबरावलाही माहीत होतं. आशाबाईलाही कदाचित माहीत असेल. पण तिच्या हातात त्या वेळी दुसरं काहीच नव्हतं. गावापासून दवाखाना बारा मैलांवर होता.

दुसऱ्या दिवशी साहेबराव शाळेत आला आणि अक्षर अक्षर जुळवत त्यानं सही केली. रजिस्टरमध्ये मेघा साहेबराव साळवे असं नाव पडलं. आशाबाई आली नाही. घरी ती पोरीला "ए पोरी" म्हणू लागली. कडू नाही, मेघाही नाही.

सव्वीस जानेवारी जवळ आली. गुरुजींना एक कल्पना सुचली. झेंडावंदनाला पालक येतात, वस्तीतले लोक येतात. मेघानं आपल्या नावाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगावी. भाषण त्यांनी स्वतः लिहून दिलं.

कडूबाईनं कागद वाचला. "गुरुजी, हे असं नव्हतं."

"कसं नव्हतं?"

"लोकांनी नाय ठेवलं. मायनं ठेवलं. माझ्या दोन बहिणी..." तिनं सगळं सांगितलं, कोंड्याचंसुद्धा.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. ते कळवळले. मग त्यांनी पेन उघडलं. "बरं झालं सांगितलंस. ही अंधश्रद्धा झाली बाळ. हेही यायला हवं भाषणात." आणि त्यांनी कागदावर आणखी एक वाक्य वाढवलं.

तिनं ते वाक्य वाचलं. तिथंच कागद परत द्यावा, असं तिला वाटलं. पण भानुमती रोज तिच्याकडून भाषण म्हणवून घेत होती, हिमांशूनं बोलताना हात कसे करायचे ते दाखवलं होतं. आणि माय काही शाळेत येणार नव्हती. रांग सोडून ती कुठं जात नसे. मग कळणार कुणाला?

सव्वीस तारखेला झेंडा वर गेला. साहेबराव धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. मेघा साळवे हे नाव पुकारलं गेलं आणि ती पुढं आली. आवाज खणखणीत होता. एक शब्द चुकला नाही.

"माझं जुनं नाव कडूबाई. ती गुलामीची खूण होती. माझ्या अडाणी आईनं अंधश्रद्धेपोटी ते माझ्या गळ्यात बांधलं. आज मी त्या अज्ञानातून मुक्त झाले आहे."

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. मान वर करून तिनं समोर पाहिलं, तर फाटकाशी आशाबाई उभी होती. काखेत रिकामी घागर. रांगेतून निघून तशीच आली असावी. लेक बोलणार म्हणून.

साहेबराव टाळ्या वाजवत होता. अर्ध्यावर त्याचे हात थांबले.

घागर सावरून आशाबाई वळली आणि चालू लागली.

गुरुजींनी कडूबाईच्या पाठीवर थाप मारली, एक कंपासपेटी दिली. ती पेटी घेऊन ती टँकरच्या रांगेकडं पळत गेली. आशाबाईचा नंबर गेला होता, ती पुन्हा शेवटी उभी होती. कडूबाई शेजारी जाऊन उभी राहिली. मग टँकर आला, रेटारेटी झाली, आणि आशाबाई म्हणाली,

"मेघा, बाजूला व्हा. धक्का लागंल."

दुसऱ्याच्या लेकराला म्हणावं तसं म्हणाली. आवाजात राग नव्हता. 'व्हा' म्हणाली.

"कडू म्हण ना, माय."

"कशाला? सुटलात न्हवं तुमी." आणि ती घागर घेऊन गर्दीत शिरली.

त्या दिवशी कडूबाई जेवली नाही. कुणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. गुरुजी खुशीत होते. हेडमास्तरांनी भाषणाचं कौतुक केलं होतं. त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. हजर, हजर, हजर.

"मेघा साहेबराव साळवे."

कडूबाई दुसऱ्या बाकावर, त्यांच्या अगदी समोर बसली होती.

"मेघा साळवे!"

भानुमतीनं कोपरानं ढोसलं. "अगं, तुला बोलवतायत."

गुरुजींनी चष्मा वर केला. "बाळ, काय झालं? बरं नाही का? हजर म्हण." मग, वर्गाकडे बघून, थोडं हसत, तिसऱ्यांदा, "मेघा?"

कडूबाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, गुरुजींकडे सरळ पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून ती तशीच बसून राहिली.