ग्लोबलची पुसलेली ओळ

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारात एकदम अठ्ठेचाळीस पेशंट उभे होते. प्रत्येकाच्या मोबाईलवर आमचाच निरोप होता, तुमची वेळ सकाळी नऊ. खुर्च्या होत्या बारा. एका आजोबांनी एका डोळ्याला पट्टी असूनही खुर्ची बरोबर हेरली आणि तिच्यावरून भांडण जुंपलं.

ते निरोप पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, माझी. मला तिथे लागून तीन महिने झाले होते, आणि मला ठेवायचं की घरी पाठवायचं हे त्याच दिवशी ठरणार होतं. मला शिकवलं ताईने. ती माझी सख्खी मोठी बहीण आणि दवाखान्याची जुनी प्रोग्रामर. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "फंक्शन म्हणजे प्रोग्राममधली बंद खोली, तिच्या आत बाहेरचं काही दिसत नाही बरं का. बाहेरचं व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेला आकडा, हवा असेल तर ग्लोबल लिहून मागून घ्यायचं. उगाच गृहीत धरायचं नाही." ताईचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. मी तो वहीत उतरवला होता.

स्क्रिप्टही मी तशीच लिहिली. उशीर नावाचं व्हेरिएबल बाहेर, शून्यापासून सुरू. निरोप लिहिणारं फंक्शन ते ग्लोबल म्हणून आत घ्यायचं, नऊच्या वेळेत मिळवायचं आणि पुढच्या पेशंटसाठी दहा मिनिटांनी वाढवायचं. सोमवारी चाचणी घेतली. नऊ, नऊ दहा, नऊ वीस. मंगळवारी ताई म्हणाली, "आण इकडे, जरा नीटनेटकी करते." बुधवारी निरोप गेले.

दवाखान्याच्या मालकीण डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं. "हे कुणाचं काम?"

ताई भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, "स्क्रिप्ट तिची आहे. कच्ची आहे अजून."

मी तिथेच लॅपटॉप उघडला. फंक्शनमधली ग्लोबलची ओळ गायब होती! आत उशीर कुणाला ठाऊकच नाही, त्यामुळे प्रत्येक पेशंट पहिलाच, प्रत्येकाला नऊ. पण अशा वेळी स्क्रिप्ट बोंब मारते, हे व्हेरिएबल कुठून आणू म्हणून स्क्रीनवर इशारा देते. ती बोंब कुणालाच कशी ऐकू आली नाही?

सुरुवातीलाच एक नवी ओळ होती. स्क्रीनवर जे जायचं ते आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कप्प्यात, साठवा. आणि शेवटी दुसरी, साठलेलं न दाखवता फेकून द्या. स्क्रीन स्वच्छ दिसायला हवी ना! मी त्या दोन्ही ओळी काढल्या, निरोप पाठवणं बंद ठेवलं आणि स्क्रिप्ट चालवली. इशारे धडाधड कोसळायला लागले.

"या ओळी कुणी टाकल्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी ताईकडे पाहिलं. खरं सांगते, मी ताईची वाट बघत होते. मी टाकल्या, एवढं ती म्हणाली असती तर मी तिथल्या तिथे सगळं विसरले असते.

"शिकताना काहीबाही करून बघतात मुली," ताई म्हणाली.

कुणी कधी काय बदललं याची नोंद फाईलसोबत राहते. ती मी उघडली आणि लॅपटॉप डॉक्टरबाईंकडे फिरवला. मंगळवार, पावणेसहा, ताई: एक ओळ पुसली, दोन टाकल्या. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. डॉक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं. मला कायम केलं. ताईला म्हणाल्या, "तुमच्याशी सोमवारी बोलते."

घरी आई दारातच उभी होती. ताईचा फोन येऊन गेला होता.

"सख्ख्या बहिणीला परक्यांसमोर उघडं पाडलंस?"

"ती माझी नोकरी घालवत होती, आई. माझी काही चूक नसताना!"

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

आईने नजर वळवली. "काल संध्याकाळी आपली चूक तिच्या लक्षात आली, तेव्हा तू यायच्या आत ती इथे येऊन रडली. तुला सांगायला निघाली होती. मीच म्हटलं, जाऊ दे धाकटीच्या नावावर. तुझ्यामागे दोन मुलं आहेत. हिला काय, दुसरीकडे मिळेल." मग पदराला हात पुसत म्हणाली, "चल, हातपाय धू. पान वाढते."

मी चप्पल न काढता तशीच मागे फिरले.