निर्मलाचे छत्तीस टक्के

निर्मलाला आपल्या धाकट्या जावेचा हेवा वाटायचा, आणि तोही तिच्या अधू पायाचा. हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून ती कुणाला बोलली नाही.

मढ गावात एकाच घरात दोघी नांदत होत्या. कुशाबाईचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. ती दारात आली की लोक खुर्ची पुढं करायचे. निर्मलाचे कान मात्र कुणाला दिसत नव्हते. लेक दिशा झाली त्या बाळंतपणात तिला ताप आला आणि तेव्हापासून ऐकू येणं कमी कमी होत गेलं. तिनं ते झाकायला शिकून घेतलं. समोरच्याचे ओठ बघून ती उत्तर द्यायची, चारचौघी हसल्या की हसायची. पाठीमागून हाक आली आणि ती वळली नाही, की लोक म्हणायचे, "दादाभाऊच्या बायकोला लई तोरा हाय."

कुशाकडं साठ टक्के अपंगत्वाचा दाखला होता. तिच्या स्वतःच्या खात्यात महिन्याला अनुदान जमा व्हायचं. सरकारी योजनेतून तीन चाकांची स्कूटर मिळाली होती. तिच्यावर सासूला, तुकाबाईला, बसवून ती ओझरला गणपतीच्या दर्शनाला न्यायची. परत आल्यावर दोघी चुलीपाशी बोलत बसायच्या आणि मधेच खळखळून हसायच्या.

"काय झालं?" निर्मला विचारायची.

"काय न्हाई गं," तुकाबाई हात उडवायची.

त्या 'काय न्हाई'नं निर्मला जळायची. मला दाखला असता तर ही म्हातारी माझ्याकडं तोंड करून बोलली असती, असं तिला वाटायचं. शेवटी तिनं नवऱ्याच्या मागं लागून ऑनलाइन अर्ज केला आणि कानाची तपासणी करून घेतली. दाखला आला छत्तीस टक्क्यांचा. चाळीसच्या खाली अनुदान मिळत नाही, असं तहसील कचेरीतल्या बाईंनी सांगितलं.

"म्हंजी तुला ऐकू येतंय की," दादाभाऊ म्हणाला. निर्मला रात्री जेवली नाही.

कुशा तिच्यासमोर येऊन बसली. "ताई, अपील करता येतंय. मलाबी पहिल्यांदा कमीच दिलं व्हतं. फेरतपासणी मागायची."

निर्मलाला ते झोंबलं. आता हिच्या मेहरबानीवर बहिरं ठरायचं! पण दुसरा मार्ग नव्हता. कुशानं अर्ज भरून दिला. कचेरीत ती शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी ओळखीनं बोलत होती, आणि निर्मला तिच्या मागं पिशवी धरून उभी होती. आपल्या कामाला आलोय की हिचं सामान सांभाळायला, तेच तिला कळेना.

फेरतपासणी पुण्याला ठरली. दादाभाऊचा कांदा काढणीला आलेला, म्हणून कुशाच बरोबर निघाली. एसटी जुनी होती. पेठच्या पुढं खिडक्यांचा असा खडखडाट सुरू झाला की कंडक्टरही ओरडून बोलत होता. कुशा काहीबाही सांगत होती आणि निर्मला नेमकी उत्तरं देत होती.

कुशा एकदम थांबली. "ताई, माझं मलाच ऐकू येईना झालंय. तुमाला कसं कळतंय?"

"तुझ्या ओठावरनं."

"मग पहिल्यांदा तपासलं तवा काय केलं तुमी?"

निर्मला खिडकीबाहेर बघू लागली. कुशानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. जावेनं असं करावं याचा निर्मलाला रागच आला, पण त्या रागातच ती बोलून गेली, "काचेपलीकडं पोरगी बसली व्हती. आवाज आला की बोट वर करा म्हणाली. ती बटण दाबायची तवा तिचा हात हलायचा. हात हलला की मी बोट वर करायची."

"अगं बया! पण का?"

"न्हाई केलं तर बहिरी म्हणाली असती ना."

कुशा पोट धरून हसली. निर्मलाला रडू फुटलं. तेव्हा कुशानं हसणं आवरलं. तिनं निर्मलाचा हात मांडीवर घेतला आणि तोंड समोर आणून सावकाश म्हणाली, "आज पाठ करून बसायचं. आन् डोळं मिटायचं."

दवाखान्यात निर्मलानं स्वतःहूनच खुर्ची फिरवून मागितली. कानांवर हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि ती वाट बघू लागली. काहीच येईना. मशीन बंद पडलं असेल असं तिला वाटलं. बऱ्याच वेळानं कुठंतरी लांब, विहिरीच्या तळाशी बारीक घंटी हलावी तसं काहीतरी झालं. तिनं बोट वर केलं. पुन्हा शांतता. आपलं एवढं सगळं गेलंय, हे तिला त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं. नंतर डोक्याला तारा चिकटवून दुसरी तपासणी झाली, तिच्यातही तेच निघालं.

काही आठवड्यांनी नवा दाखला आला. अडुसष्ट टक्के.

कुशानं तो मोबाईलवर आधी बघितला. "झालं काम, ताई!" म्हणत ती उठली, पण आकडा पुन्हा वाचताना तिचा चेहरा जरासा उतरला. "माझ्यापेक्षा जास्त दिलं की तुमाला."

चेहरे वाचण्यात निर्मलाची चूक होणं शक्य नव्हतं. जाऊ जळली होती! निर्मलाला इतका आनंद झाला, की तो लपवायला ती चहा ठेवायला आत गेली. चहा गाळताना मात्र तिला कसंतरी झालं. कुणाचं जास्त मोडलंय यावरून आपण दोघी भांडायला निघालो, असं तिच्या मनात आलं. तिनं कुशाच्या कपात साखर जरा जास्तच घातली.

पुढं तहसीलमधून अनुदानही मंजूर झालं. तुकाबाईच्या सवयी काही बदलल्या नाहीत. ती अजूनही भिंतीकडं तोंड करून बोलते. पण त्या महिन्यात निर्मला एकटीच जुन्नरच्या बाजाराला गेली. लसणाच्या ढिगामागचा माणूस मान खाली घालून भाव सांगत होता. आजूबाजूला बाया उभ्या होत्या.

"भाऊ," निर्मला मोठ्यानं म्हणाली, "मला ऐकू येत न्हाई. जरा तोंड वर करून बोला."

माणसानं मान वर केली.