उभ्या मोटारीची वाट

लढाई लागली, पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हापासून दिनकररावांची मोटार राणीसावरगावच्या वाड्यामागं कडब्याच्या छपरात उभी होती. लढाई संपली तरी तिला कुणी उठवलं नाही. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत. कडब्याच्या फटींतून ऊन आत येई आणि धुळीतून तरंगत तिच्या टपावर उतरे. बघणाऱ्याला वाटावं, गाडी पाण्याच्या तळाशी निजली आहे.

आता तर मालकच निजून होते. गेल्या पावसाळ्यात त्यांचं उजवं अंग गेलं, आणि त्याच्यासोबत वाचाही गेली. डोळे उघडे असत, पण नजर लांब कुठंतरी ठेवलेली. त्यांची बायको चतुराबाई त्यांच्याशी रोज बोलत. गाय व्याली, हरभऱ्याला घाटे लागले, मोलकरीण कडूबाईनं वरणात पुन्हा मीठ जास्त टाकलं. पलीकडून काही येत नसे.

चैत्रात चतुराबाईंनी जुना डायवर भुजंग याला हैदराबादेहून बोलावून घेतलं. तो तिथं मोटारींच्या कारखान्यात लागला होता. गंगाखेडहून पेट्रोलचा एक डबा घेऊन तो बैलगाडीनं आला. लिंबाखाली बाजेवर पडलेल्या मालकांच्या पायांना हात लावला.

"भुजंगा," चतुराबाई म्हणाल्या, "हकीम म्हनतेत आत कुनी न्हाई. नुसतं अंग हाय. मला त्यान्ला मोटारीचा आवाज ऐकवायचाय. वळखला तर ते हायत. न्हाई वळखला तर मी बी बोलायचं सोडून देते. भिताडाशी किती बोलावं मानसानं?"

"एवढ्या दिवसांची बसलेली हाय बाईसाहेब. उठंल असं सांगवत न्हाई."

"तू हात तर लाव."

चार गड्यांनी मोटार ढकलत लिंबाजवळ आणली. कोंबड्या ओरडत मागं धावल्या. भुजंगनं टाकी धुतली, नळी फुंकली, पेट्रोल ओतलं आणि समोरचं हँडल फिरवायला घेतलं. फिरवून फिरवून सदरा अंगाला चिकटला. इंजन हूं की चूं करीना.

"लय रुसलीया," भांडी घासता घासता कडूबाई म्हणाली. "हैदराबादेत दुसऱ्या मोटारींचं तोंड बघून आलास न्हवं? तिला कळलंय."

भुजंग हसला. त्यानं प्लगची ठिणगी बघितली, ती निळी आणि चांगली होती. मग कार्बोरेटरच्या तोंडात टोपणभर पेट्रोल आपल्या हातानं ओतलं आणि हँडल मारलं. इंजन एकदम भडभडलं, झोपेतल्या माणसानं दोन शब्द बरळावेत तसं, आणि पुन्हा गप्प झालं. पण भुजंगला हवं ते कळलं. हातानं पाजलं तर पिते, आपली आपण पीत नाही. म्हणजे इंजन जिवंत आहे, घसा बंद आहे.

त्यानं कार्बोरेटर उतरवून बाजेशेजारी घोंगडीवर खोलला. पेट्रोल साठतं ती पितळेची वाटी, तिच्यातला तरंगणारा डबा, आणि ज्यातून पेट्रोलचा फवारा उडतो तो बारीक भोकाचा जेट. वाटीच्या तळाला आणि जेटच्या भोकात पिवळा, काचेसारखा थर बसला होता. जुन्या पेट्रोलचा डिंक भुजंगला ठाऊक होता. तो काळपट असतो. हा पिवळा कुठला? त्यानं नखानं खरवडून वास घेतला. जवसाचं तेल. आणि हळद.

चतुराबाई वाकून बघत होत्या. "तू गेलास तरी मी तिला इसरले न्हाई बरं," त्या म्हणाल्या. "दर खंडेनवमीला नांगर पुजला, कुऱ्हाडी पुजल्या, तशी ही बी पुजली. तूच म्हनला होतास, हितून ती श्वास घेती. मंग लेकराची टाळू भरतेत तसं हळद घालून तेल सोडत गेले तिथं. कोरडं पडू दिलं न्हाई."

भुजंगनं मान वर केली नाही. जेट त्याच्या तळहातावर होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. जवसाचं तेल वाळलं की कसं घट्ट होतं हे बैलगाडीच्या चाकांना ते लावणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं. बाईंना ते सुचलं नव्हतं; लेकराच्या टाळूवर ते कधी वाळत नाही.

"बरं केलं बाईसाहेब," तो म्हणाला. "आतल्या लोखंडाला गंज न्हाई धरला. जरा मळ बसलाय, तेवढा काढतो."

गंज धरला नव्हता हे खरंच होतं. त्यानं कडूबाईकडं पापडखार मागितला.

"मोटारीचे पापड करायलास का काय?"

"हो. तुला बी वाढतो एक."

पापडखाराच्या पाण्यात जेट आणि वाटी उकळायला ठेवली. पाणी हळूहळू पिवळं झालं. तारेनं टोकरलं तर भोक मोठं होईल, म्हणून त्यानं घोडीच्या शेपटीचा एक केस भोकातून ओढला, पुन्हा ओढला. मग जेट डोळ्याला लावून आभाळाकडं धरला. त्या एवढ्याशा भोकातून सगळं आभाळ दिसलं, आणि थोडा वेळ तो ते बघतच राहिला.

ऊन उतरणीला लागल्यावर सगळं जोडून झालं. या खेपेला इंजन लागलं. आधी खोकलं, निळा धूर सोडला, दिवाळीत कढई चढल्यासारखा वास अंगणभर झाला. भुजंगनं हवेचा स्क्रू थोडा आवळला, थोडा सैल केला. आवाज गोल झाला.

चतुराबाई बाजेच्या उशाशी बसल्या होत्या. मालकांची नजर होती तिथंच होती.

भुजंगनं पेट्रोल वाढवणारी गॅसची दांडी हातानं ओढली. इंजन चढलं, चढत गेलं. तेवढ्यात चादरीखाली मालकांचा डावा पाय हलला.

"माशी बसली आसंल," कडूबाई हळूच म्हणाली. "तसा अधनंमधनं हलतोय तो."

भुजंगनं दांडी सोडली, पुन्हा ओढली. आवाज किंचाळायला आला तसा पाय खाली दाबला गेला, सुटला, आणि लगेच पुन्हा दाबला गेला. या मोटारीचा गेर एका दाबात पडत नसे. डाव्या पायानं क्लच दोनदा दाबावा लागे, आणि हे वाड्यात मालकांना आणि त्यालाच माहीत होतं.

"दुसरा गेर टाकला मालकांनी," तो म्हणाला.

पाय सावकाश वर आला. त्याच्याबरोबर भुजंगनं गॅस वाढवला. मोटार जागेवरच होती, पण लिंबाची सावली तिच्यावरून मागं सरकू लागली असं वाटलं.

"कुठं निघालेत?" चतुराबाईंनी विचारलं.

"गंगाखेडचा रस्ता हाय ह्यो. इथनं उतार लागतोय." पाय दबला की तो गॅस कमी करी, सुटला की वाढवी. बाभळी आल्या, गेल्या. कुणाची तरी गुरं आडवी आली. पाय दबून राहिला आणि इंजन नुसतं गुणगुणत थांबलं. मग गंगाखेड मागं पडलं, आणि पाय पुन्हा पुन्हा दाबला जाऊ लागला.

"गोदागंगेची वाळू लागली," भुजंग म्हणाला. "पल्याड पोखर्णीचं देऊळ."

चतुराबाईंनी पदर खोचला आणि मालकांच्या कानाशी वाकल्या.

"सावकाश घ्या की," त्या म्हणाल्या. "दर खेपंला वाळूत घाई करताव तुमी. मंग मला उतरून चालावं लागतंय."